डॉ. वसंत खानोलकर आणि अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे भारतातील आधुनिक पॅथॉलॉजीचे जनक मानले जातात. लंडनमध्ये शिकून ते मुंबईत परतले. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची धुरा त्यांनी सांभाळली. कर्करोग आणि कुष्ठरोग, दोन्हींवर त्यांनी संशोधन केले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी वाढण्यामागेही कर्करोग किंवा जुनाट संसर्ग असू शकतो. एरवी त्या ५ टक्क्यांहून कमी असतात. क्षयरोग, एचआयव्ही, आमवात, यकृताचे आजार यांत वाढलेल्या पेशी मिश्र असतात. मल्टिपल मायलोमात एकाच प्रकारच्या, सहसा १० टक्के किंवा अधिक. म्हणून टेमघरहून परळला रिपोर्ट घेऊन जाताना नुसत्या आकड्याने घाबरू नका. पेशी एकाच प्रकारच्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारा.