बागेची चित्रकर्ती : गर्ट्रूड जीकल

वेलाला आधार कसा द्यावा आणि छाटणी केव्हा करावी, हे आपल्या खानापूर तालुक्यात कुणी कुणाला शिकवायला नको. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात का आणि फळाची छाटणी ऑक्टोबरात का, हे शेजारच्या तासगावापासून आपल्या विट्यापर्यंत बागाईतदाराच्या घरातले शाळकरी पोरही सांगेल. परंतु हीच कात्री, हीच सुतळी आणि हीच काठी हाती घेऊन केवळ फुलांसाठी एका बाईंनी अर्धे आयुष्य वेचले आणि बागेच्या कामाला कलेच्या पंक्तीला नेऊन बसविले, ही हकीकत आपल्या भगिनींपैकी फार थोड्यांच्या कानी आली असेल. वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्या बाईंची ओळख करून देत आहे.

नाव गर्ट्रूड जीकल. जन्म २९ नोव्हेंबर १८४३, लंडन शहरी. वडील कॅप्टन एडवर्ड जीकल हे लष्करातले. सात भावंडांत गर्ट्रूड पाचवी. आडनावावरून कोणाला डॉक्टर जेकिलची ती भयंकर कादंबरी आठवेल, तर तेही अगदीच गैर नाही. कादंबरीकार स्टीव्हन्सन हा गर्ट्रूडबाईंच्या धाकट्या भावाचा, वॉल्टरचा, स्नेही. आपल्या १८८६ सालच्या पुस्तकासाठी त्याने नाव या घराण्याकडून उचलले. घरचे लोक मात्र स्वतःला जीकल म्हणवीत.

मुलगी पाचेक वर्षांची असताना कुटुंब लंडन सोडून सरे परगण्यातल्या ब्रॅम्ली गावी राहायला गेले. तिथले ओढे, वनराई आणि झोपडीवजा घरांपुढच्या दाटीवाटीच्या फुलबागा यांत तिचे बालपण गेले. या गरिबांच्या बागांचा ठसा तिच्या मनावर जन्मभर राहिला. त्या काळी श्रीमंतांच्या बागा निराळ्या असत. काचघरात वाढविलेली रोपे उन्हाळ्यात आणून गालिच्याच्या नक्षीसारखी ओळीत लावायची आणि हंगाम संपताच उपटून फेकून द्यायची. झोपडीपुढच्या बाईला हे कुठले परवडणार! तिच्याकडे तेच झाड वर्षानुवर्षे त्याच जागी, आणि दारावर चढविलेला वेलही आजीच्या वेळचा. गर्ट्रूडबाईंनी पुढे मोठ्यांच्या बागांत जे आणले, त्याचे बियाणे या गरिबांच्या अंगणातले आहे.

१८६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेत नाव घातले. चांगल्या घरच्या मुलीने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेणे ही त्या काळी नित्याची गोष्ट नव्हती. टर्नर या थोर चित्रकाराच्या चित्रांच्या नकला करीत त्यांनी रंगांचा अभ्यास केला. ग्रीस आणि तुर्कस्थानाचा प्रवास झाला. भरतकाम, चांदीचे काम, लाकडावरचे कोरीवकाम, पुढे छायाचित्रण, असे एकेक करून हाताला येईल ते कसब त्यांनी आपलेसे केले. लग्न केले नाही. १८७६ साली वडील वारल्यावर आईला घेऊन त्या पुन्हा सरे परगण्यात, गोडाल्मिंगजवळच्या मन्स्टेड येथे आल्या. आईच्या त्या घराभोवती त्यांनी केलेली बाग पाहायला जाणती माळीमंडळी येऊ लागली.

अशात डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी लहानपणापासूनच अधू होती, आणि वाढत्या वयाबरोबर ती अधिकच मंदावत चालली. १८९१ साली जर्मनीत वीसबाडेन येथल्या एका नामांकित नेत्रवैद्याला डोळे दाखविले. त्याने सांगितले, की भरतकाम आणि बारीक चित्रकाम आता सोडले पाहिजे, नाही तर आहे तीही दृष्टी जाईल. वय सत्तेचाळीस. ज्या कामासाठी हात घडविले तेच बंद झाले. सुईत दोरा ओवता न येण्याचे दुःख आपल्यातल्या वयस्क बायकांना निराळे सांगायला नको. इथे तर साऱ्या आयुष्याची विद्याच हातची जात होती.

त्या खचून बसल्या नाहीत, असे लिहायचा प्रघात आहे, पण खचल्या असतील तर त्याचा बोभाटा त्यांनी केला नाही एवढेच खरे. बारीक दिसत नव्हते, परंतु रंगांचे मोठे पट्टे दिसत होते. बागेचा छंद होताच. आता तोच धंदा झाला. हातभर कापडाऐवजी दोनशे फूट लांबीची जमीन घेतली आणि रेशमाच्या लडींऐवजी जिवंत झाडे.

हा दोनशे फुटांचा ताटवा त्यांनी मन्स्टेड वुड या स्वतःच्या जागेत केला. आईच्या घरासमोरची ही पंधरा एकरांची जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. आई १८९५ साली वारली. त्यानंतर एडविन लट्येन्स या तरुण वास्तुशिल्पकाराने १८९६-९७ मध्ये तिथे त्यांचे घर बांधले. ज्याने पुढे नवी दिल्ली उभारली आणि आजचे राष्ट्रपती भवन बांधले, तोच हा लट्येन्स. १८८९ साली पहिली भेट झाली तेव्हा तो वीस वर्षांचा आणि बाई पंचेचाळिशीच्या. त्याने घर बांधावे, बाईंनी बाग लावावी, अशी ही जोडी पुढे पुष्कळ वर्षे जमली. दिल्लीच्या लट्येन्सला झाडापानांकडे पाहायला शिकविले ते या बाईंनी, असे म्हणायला माझी हरकत नाही.

आता त्या ताटव्याकडे वळू, कारण बाईंचे खरे चरित्र तिथेच आहे. लांबी दोनशे फूट, रुंदी चौदा फूट, मागे अकरा फूट उंच दगडी भिंत. दोन्ही टोकांना राखी पानांची आणि फिक्या रंगांच्या फुलांची झाडे. मधोमध जाळासारखे नारिंगी आणि लाल. त्यांच्यामध्ये पिवळ्याच्या चढत्या-उतरत्या छटा. भिंत आणि ताटवा यांच्यामध्ये एक अरुंद वाट ठेवलेली. पाहणाऱ्याला ती दिसत नसे, पण मागच्या उंच झाडांना बांधायला, भिंतीवरचे वेल छाटायला माळ्याला तिथून जाता येई. आपल्याकडे कुंपणाला चिकटवून कर्दळ लावतात आणि मग तिच्या मागचे वाळके काढायला हात पोचत नाही. त्यांनी ही वीतभर वाटेची दक्षता वाचावी.

झाडे चौकोनी वाफ्यांत न लावता, ओढ्याच्या पुरानंतर गाळ साचतो तशा लांबट, तिरप्या पट्ट्यांत लावीत. एका जातीचा बहर संपला तरी तिची जागा समोरून बारीकच दिसते, बोडकी पडत नाही.

उंच झाडांना आधार देण्यात त्यांचा नियम मोठा कडक होता. झाड पडल्यावर काठी लावून त्याची मोळी बांधायची, हे त्यांना बिलकुल खपत नसे. शरद ऋतूत फुलणारी, आपल्या शेवंतीच्या कुळातली उंच डेझी घ्या. फुले यायला अजून अडीच-तीन महिने असताना, जूनच्या सुमारास, तिच्या ठोंबाभोवती फांद्याफांद्यांचे वाळके फोक रोवीत. नंतर झाड त्या फाट्यांमधून आपोआप वर येई. प्रत्येक दांडा आपापल्या जागी मोकळा आणि काठी पानांत बुडालेली. दिसणारा आधार हा चुकलेला आधार, अशी त्यांची समजूत दिसते. आपल्याकडे या कामाला तुरकाट्या उत्तम. शेवंती गुडघाभर व्हायच्या आत, आषाढातला वारा सुटण्यापूर्वी, चार-पाच तुरकाट्या ठोंबाभोवती रोवल्या तर पुढे दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलांनी लवलेल्या फांद्या चिखलात लोळणार नाहीत. डेलियाचे तर याहून कडक : काठी कंद लावतानाच रोवावी, मागाहून रोवली तर ती कंदातून आरपार जाते.

त्यांची सर्वांत अजब युक्ती डेल्फिनियमची. हे पुरुषभर उंचीचे, निळ्या तुऱ्यांचे झाड. बहर ओसरला की नुसते वाळके दांडे उभे राहतात आणि ऐन उन्हाळ्यात ताटव्यात भोक पडते. बाई ते दांडे मुळापासून काढीत नसत. बेताच्या उंचीवर छाटीत आणि मागे आधीच लावून ठेवलेला बारमाही वाटाण्याचा पांढऱ्या फुलांचा वेल त्यांवर सोडीत. त्याचा बहर सरला की जांभळा क्लेमॅटिस, आणि त्याच्याही पाठोपाठ बारीक पांढऱ्या सुवासिक फुलांचा दुसरा क्लेमॅटिस. सह्याद्रीच्या रानात जी मोरवेल झुडपांवर चढते, तिचेच हे सख्खे भाईबंद. एकाच जागी असे चार बहर, आणि पहिलीच्या वाळक्या हाडांवर पुढच्या तिघींचा संसार! असे वेल जोमाला यायला काही वर्षे जातात, त्यामुळे हे काम उतावळ्याचे नव्हे.

पॉपीची पाने वाळून जमीन उघडी पडे. तिच्यावर जिप्सोफिलाचा पांढरा ढग पसरे. तो तपकिरी पडला की नॅस्टर्शियमचे वेल हाताने वळवून त्यावर नेत. सूर्यफुलाच्या जातीची उंच बारमाही झाडे मागे उभी असत. पुढची फुले संपली की त्यांचे दांडे वाकवून पुढच्या झाडांवर आडवे बांधीत. उभ्या दांड्याला फूल शेंड्याला येते. आडवा केला, की शेंड्याचा जोर मोडतो आणि पेऱ्यापेऱ्यातून फुटवे उठतात, मग दांडा लांबीभर फुलतो. द्राक्षाची काडी तारेवर आडवी घेतात किंवा वेलगुलाबाची फांदी कमानीवर वाकवितात, त्यातले कारण हेच. जीकलबाईंनी ते शोभेच्या ताटव्यात आणले.

कात्री चालविण्यापूर्वी फूल जुन्या काडीवर येते की नव्या, हे पाहावे लागते. तो जांभळा क्लेमॅटिस नव्या काडीवर फुलतो, म्हणून हिवाळा सरता सरता तो खालपर्यंत छाटला तरी चालते. वसंतात फुलणारी त्याचीच दुसरी जात जुन्या काडीवर फुलते. तिला तेव्हाच छाटले तर त्या वर्षीचा बहर गेलाच म्हणायचा. आपली मधुमालती नव्या फुटीवर फुलते, तिला थंडीत निर्धास्तपणे छाटावे. वेल फुलत नाही अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दोष खताचा नसून पुष्कळदा अवेळी चाललेल्या कात्रीचा असतो.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाही तर वाचून उगाच जीव खट्टू व्हायचा. या बाईंच्या पदरी दहा-बारा माळी होते. पावसाच्या भरवशावर त्यांचे भागे, आणि आमच्याकडे टेंभूचे पाणी येण्याआधी चैत्र-वैशाखात वापरलेले पाणी तुळशीला घालायचे दिवस होते. शिवाय एकच ताटवा बारा महिने फुललेला असावा हा हट्ट त्यांनीही धरला नाही. मोठा ताटवा जुलै ते ऑक्टोबर एवढ्यासाठीच. वसंताची बाग निराळी, शरदातल्या डेझींचा ताटवा निराळा. ज्या कोपऱ्याचा हंगाम नसेल तिकडे फिरकायचेच नाही. दोन कुंड्या आणि एक मांडव असलेल्या घरालाही ही युक्ती करता येईल.

बाईंनी हे सारे लिहून ठेवले. पहिले पुस्तक १८९९ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निघाले. रंगांच्या योजनेवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक १९०८ सालचे. त्याच वर्षी मुलांच्या बागांवरही एक पुस्तक आले. मासिकांतले लेख हजारांच्या घरात आहेत आणि त्यांनी आखलेल्या बागा चारशेच्या आसपास. १८९७ साली इंग्लंडच्या राजेशाही उद्यानविद्या संस्थेने राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून साठ जणांना मानाचे पदक दिले. त्या साठांत स्त्रिया दोनच, एलन विल्मट आणि आपल्या गर्ट्रूडबाई. पुढेपुढे दृष्टी फारच मंदावली आणि प्रवास सोडावा लागला. तेव्हा गिऱ्हाइकाने जमिनीचा नकाशा आणि मातीचा नमुना पाठवायचा, बाईंनी घरबसल्या आराखडा करायचा आणि स्वतःच्या रोपवाटिकेतून झाडेही धाडायची. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या फ्रान्समधील काही दफनभूमींसाठीही त्यांनी लागवडीचे आराखडे करून दिले.

१९२० साली विल्यम निकल्सन हा चित्रकार त्यांची तसबीर काढायला आला. दिवसाउजेडी बसायला बाईंना सवड कुठली! त्याने संध्याकाळी दिव्याच्या उजेडात त्यांना चितारले आणि दिवसाच्या रिकाम्या वेळात त्यांच्या बागेतल्या जुन्या, झिजलेल्या बुटांचेच एक चित्र काढले. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

१९३२ च्या सप्टेंबरात भाऊ हर्बर्ट गेला. पाठोपाठ ८ डिसेंबरला, एकोणनव्वदाव्या वर्षी, मन्स्टेड वुड येथेच बाईंनी देह ठेवला. जवळच्या बसब्रिज गावच्या चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती दिली. थडग्याचे काम लट्येन्सनेच केले. बागांचे आराखडे बिआट्रिक्स फॅरंड या अमेरिकन उद्यानकर्तीने विकत घेऊन सांभाळले. आज ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आहेत. मन्स्टेडची जमीन पुढे वाटली गेली, ताटव्याचीही रया गेली, नंतर तो पुन्हा लावला गेला. २०२३ साली इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने ते घर आणि बाग आपल्या ताब्यात घेतली. अकरा फुटांची ती दगडी भिंत अजून उभी आहे.