डॉ. वसंत रामजी खानोलकर : मज्जातंतूंतील रोगाचा शोध

कुष्ठरोग म्हटला की डोळ्यांपुढे झडलेली बोटे उभी राहतात. कातडी व मांस कुजून बोटे गळतात, ही लोकसमजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. वस्तुतः या रोगाचा पहिला घाला पडतो तो मज्जातंतूंवर. तंतू मेले की संवेदना मरते. मग चुलीतला निखारा वा पायात रुतलेला काटा यांची वार्ता मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि न कळलेल्या जखमांनी हातपाय झिजत जातात. या रोगाचा माग त्याच्या अगदी आरंभीच्या अवस्थेपर्यंत काढणाऱ्या भारतीय संशोधकांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे स्थान अग्रभागी आहे. सिंधरोटचे श्रममंदिर मांजलपूरच्या वाचकांना अपरिचित नाही. तेव्हा या स्मरणग्रंथात त्यांचे चरित्र यावे, हे उचितच होय.

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावावरून आलेले. वसंतरावांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी संपादन केली. पुढे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोगाचे संशोधक म्हणूनच त्यांचे नाव अधिक घेतले जाते. घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचामुळे कमरेवर होणारा कर्करोग त्यांनी जगापुढे मांडला. रोग्याच्या राहणीत रोगाचे मूळ शोधण्याची ही दृष्टी त्या काळी विरळाच होती. तथापि माझ्या मते त्यांच्या बुद्धीचा खरा कस लागला तो कुष्ठरोगाच्या अभ्यासात.

या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्येच दाखविला होता. परंतु तो शरीरात प्रथम कोठे ठाण मांडतो, हा प्रश्न सुटलेला नव्हता. खानोलकरांनी जुनाट, विद्रूप झालेल्या रोग्यांऐवजी नुकताच फिकट चट्टा उमटलेले रोगी अभ्यासास घेतले. त्यांच्या त्वचेचे पातळ छेद घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. रोगाची बाह्य लक्षणे अल्प असतानाही त्वचेतील बारीक मज्जातंतूंत जंतू असतात, असे त्यांना आढळले. त्यांचा यासंबंधीचा प्रबंध भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. जंतू त्वचेतील तंतूंच्या टोकांतून आत शिरतात व तंतूंच्या गाभ्यातून वर सरकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे रोग कोणते रूप घेईल, हे रोग्याच्या प्रतिकारशक्तीवर अवलंबून असते, असेही त्यांनी मांडले.

यातील सर्वच भाग काळाच्या कसोटीस उतरला नाही. जंतूंचा मुख्य आश्रय तंतूंच्या गाभ्यात नसून त्याभोवती वेष्टण घालणाऱ्या श्वॉन पेशींत असतो, हे विद्युत्-सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले. १९९८ मध्ये तर या पेशींवरील ज्या ग्राहकाच्या आधारे जंतू तेथे चिकटतो, तोही ओळखला गेला. मात्र शोधाची दिशा त्वचेकडून मज्जातंतूंकडे वळविण्यात खानोलकरांचा वाटा मोठा होता, याबद्दल शंका नसावी.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या विदुषी त्यांच्या हाताखाली घडल्या. डॉ. बापट व डॉ. रणदिवे यांच्यासह १९५८ मध्ये त्यांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळविलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढविला. तो कुष्ठरोगाचाच जंतू होय, हे सर्वमान्य झाले नाही. पण त्यापासून पुढे प्रतिबंधक लस तयार करण्यात आली. १९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. पद्मभूषण व राष्ट्रीय प्राध्यापकपद हे सन्मानही त्यांच्या वाट्यास आले.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. रोग निश्चित बरा करणारी बहुऔषधी उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारली, ती त्यानंतर तीन-चार वर्षांनी. ती औषधे जंतू मारतात. पण एकदा मेलेल्या तंतूंची संवेदना त्यांनी सहसा परत येत नाही. म्हणूनच फिकट चट्टा दिसताच तपासनीस त्यावर कापसाचे टोक हलकेच टेकवतो आणि डोळे मिटलेल्या रोग्यास ते कोठे लागले, हे बोटाने दाखवावयास सांगतो.