फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिवा आणि हिशेबाची वही

खेड्यात कोणाच्या घरी आजार आला म्हणजे सर्वांचे लक्ष रोग्याकडे लागते. ताप उतरला काय, पेज घेतली काय, अशी विचारपूस शेजारीपाजारी करतात, आणि ती योग्यच आहे. परंतु त्या रोग्याच्या उशाशी जी माउली रात्रीमागून रात्री जागते, तिच्या पोटात अन्न गेले काय, तिची पाठ जमिनीला टेकली काय, हे विचारण्याचे भान फार थोड्यांस राहते. पुढे एके दिवशी तीही अंथरूण धरते आणि घरात एकाचे दोन रोगी होतात. मोठमोठ्या इस्पितळांतही हेच घडते, ही गोष्ट ज्यांनी आकड्यांनिशी जगापुढे मांडली, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहोत. हातात दिवा घेतलेली त्यांची तसबीर पुष्कळांनी पाहिली असेल. दिव्याबरोबर त्यांच्यापाशी हिशेबाची वहीही होती, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते.

फ्लॉरेन्स हिचा जन्म ता. १२ मे १८२० रोजी इटली देशातील फ्लॉरेन्स शहरी झाला, व त्या शहराचेच नाव तिला ठेवण्यात आले. आईबाप इंग्रज असून घरची सांपत्तिक स्थिती फार चांगली होती. वडिलांनी आपल्या दोन्ही मुलींस स्वतः शिकविले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषा आणि इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय फ्लॉरेन्स त्यांच्यापाशी शिकली. गणिताची तर तिला विशेष गोडी लागली. सतराव्या वर्षाच्या सुमारास, १८३७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, देव आपणास सेवेसाठी पाचारण करीत आहे असा तिला अनुभव आला. सेवा कोणती, हे मात्र उमगण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

१८४५ साली तिने सॉल्सबरी येथील इस्पितळात जाऊन शुश्रूषेचे काम शिकण्याची इच्छा घरी बोलून दाखविली. घरात एकच गहजब झाला. त्या काळी इस्पितळात काम करणाऱ्या बायांची लौकिकात फारशी पत नसे. त्या दारू पितात व हलक्या चालीच्या असतात, असा सर्वत्र समज होता. कुलीन घरच्या मुलीने तेथे पाऊल टाकावे, ही कल्पनाच आईस व बहिणीस असह्य झाली. फ्लॉरेन्सने आईबापांशी भांडण मांडले नाही, पण आपला हेतूही सोडला नाही. पहाटे उठून ती इस्पितळांचे अहवाल वाची व टिपणे काढी. चांगल्या स्थळाची मागणी आली असताही तिने विवाह नाकारला. अखेरीस १८५१ साली जर्मनीतील कायझरस्वर्थ गावी पाळक थिओडोर फ्लीड्नर यांनी चालविलेल्या सेविकांच्या संस्थेत सुमारे तीन महिने राहून शिकण्याची तिला परवानगी मिळाली.

१८५३ साली लंडनमधील हार्ली स्ट्रीटवरच्या एका लहान इस्पितळाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी प्रथम काय मागितले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रत्येक मजल्यावर नळाने ऊन पाणी यावे, रोग्यांचे जेवण वर चढविण्यास यंत्र असावे, आणि रोग्याने घंटा वाजविली असता ती कोणाची हे परिचारिकेस तत्काळ कळावे, अशी त्यांची मागणी होती. जी बाई दिवसभर पाण्याच्या बादल्या घेऊन जिने चढते, तिला रोग्यापाशी बसण्यास वेळ कोठून मिळणार, हा त्यांचा साधा हिशेब होता.

१८५४ साली इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी शिपायांचे हाल वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होताच इंग्लंडात मोठी खळबळ उडाली, आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी बाईंस तुर्कस्थानात जाण्याची विनंती केली. ३८ परिचारिका बरोबर घेऊन त्या ता. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुतारी येथे पोहोचल्या. तेथील बराकीच्या इस्पितळात रोगी जमिनीवर दाटीने पडले होते. अंगात उवा, पांघरुणे मळलेली, आणि गटारे तुंबून सर्वत्र दुर्गंधी सुटलेली. बाईंनी स्वयंपाकघर उभारले, कपडे धुण्यासाठी घर भाड्याने घेऊन पाणी उकळण्याची सोय केली, आणि रात्री दिवा घेऊन त्या रोग्यांच्या रांगांतून फिरू लागल्या. शिपायांनी त्यांस देवमाणूस मानले.

परंतु वाचकहो, इतके करूनही मृत्यू थांबले नाहीत. त्या हिवाळ्यात तेथे हजारो शिपाई दगावले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शेकडा ४२ रोगी मरत होते, आणि बहुतेकांच्या मृत्यूचे कारण जखम नसून विषमज्वर, पटकी व अतिसार असले रोग होते. मार्च महिन्यात सरकारने आरोग्याची पाहणी करण्यास एक मंडळ पाठविले. त्याने गटारे मोकळी केली, पाण्याच्या मार्गात पडलेली मेलेली जनावरे काढविली आणि भिंतींस चुना दिला. जून महिन्यात मृत्यूचे प्रमाण शेकडा २ वर आले.

१८५६ साली बाई स्वदेशी परतल्या, तेव्हा त्यांचे नाव घरोघरी झाले होते. त्यांनी सत्काराचे समारंभ टाळले व विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या साहाय्याने मृतांचा हिशेब मांडावयास घेतला. तेव्हा एक दारुण सत्य पुढे आले. रणभूमीजवळच्या छावणीतील इस्पितळांपेक्षा त्यांच्या स्वतःच्या स्कुतारीच्या इस्पितळात अधिक माणसे मेली होती. ज्या जागेत त्यांनी जिवापाड सेवा केली, ती जागाच रोग्यांचा घात करीत होती. दुसऱ्या कोणी असली वही मिटून ठेवली असती. बाईंनी ती उघडली. चाकाच्या आकाराच्या रंगीत आकृत्या काढून त्यांनी दर महिन्याचे मृत्यू कारणवार दाखविले, म्हणजे ज्यांस आकडे वाचण्याचा कंटाळा, त्यांसही एका दृष्टिक्षेपात सर्व समजावे. १८५८ साली लंडनच्या आकडेशास्त्र सभेने त्यांस सभासद करून घेतले; हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

१८५९ साली त्यांनी इस्पितळांविषयी ग्रंथ लिहिला. खिडक्या समोरासमोर असाव्यात, खाटांत पुरेसे अंतर असावे, हवा खेळती असावी, असे रोग्यांच्या हिताचे नियम त्यात आहेत. १८६३ साली त्यांनी तो वाढविला, तेव्हा लंडनच्या १५ इस्पितळांतील परिचारिकांच्या मृत्यूंचे आकडेही त्यात घातले. शहरातील इतर स्त्रियांपेक्षा या सेविका अधिक मरत होत्या, आणि त्यातही साथीच्या तापांनी बळी जाणाऱ्या फार होत्या. जी इमारत परिचारिकेस मारते ती रोग्यासही मारते, हा त्यातील बोध. रात्रपाळी करणाऱ्या बाईस दिवसा निवांत झोप मिळावी, तिची खोली स्वतंत्र असावी, तिला सकस अन्न मिळावे, या गोष्टी बाईंनी चैनीत न धरता औषधाइतक्याच आवश्यक मानल्या.

लोकांनी त्यांच्या गौरवार्थ जमविलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. तेथे एक वर्ष शिक्षण मिळे व राहण्याजेवण्याची सोय असे. हलके समजले जाणारे काम शिकून करण्याचा मानाचा धंदा झाले.

या यशाबरोबर एक अपयशही सांगितले पाहिजे. सुइणींच्या शिक्षणासाठी त्याच निधीतून किंग्ज कॉलेज इस्पितळात बाळंतिणींचा एक विभाग चालविला होता. तेथे ७८० बाळंतपणांत २६ माता दगावल्या. म्हणजे हजारी ३३. घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण हजारी सुमारे ५ होते. १८६७ साली तो विभाग बंद करण्यात आला, आणि १८७१ साली बाईंनी त्याविषयी ग्रंथ लिहून सर्व आकडे उघड केले. आपल्या हातून उभारलेले काम माणसांस अपाय करीत आहे असे दिसताच ते थांबविणे, यास मोठे धैर्य लागते.

त्याच सुमारास आणखी एक घाव बसला. त्यांच्या शाळेत शिकलेली ॲग्नेस जोन्स ही तरुणी १८६५ पासून लिव्हरपूलच्या गरीबखान्यातील हजाराहून अधिक रोग्यांची व्यवस्था पाहत होती. मूठभर परिचारिका घेऊन ती पहाटेपासून रात्रीपर्यंत राबे. १८६८ साली साथीच्या तापाने ती वयाच्या ३५ व्या वर्षी मरण पावली. बाईंस तिच्यावाचून फार चुटपुट लागली.

क्रिमियातील तापानंतर बाईंची प्रकृती कायमची ढासळली होती. पुढील पुष्कळ आयुष्य त्यांनी खोलीत, अंथरुणाजवळ कागद घेऊन घालविले. हिंदुस्थानात त्या कधीही आल्या नाहीत. तरी येथील लष्कराच्या आरोग्याविषयीच्या १८६३ सालच्या अहवालात त्यांचा मोठा हात होता. त्या वेळी येथील गोऱ्या शिपायांत मृत्यूचे प्रमाण हजारी ६९ होते. दहा वर्षांनी ते १८ वर आल्याचे त्यांनी नमूद केले. पुढे त्यांची दृष्टी शिपायांवरून रयतेकडे वळली. दुष्काळ, पाटबंधारे, गावची विहीर व उकिरडा हे त्यांच्या लेखणीचे विषय झाले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावच्या आरोग्यासंबंधी त्यांनी पत्रव्यवहार केला.

त्यांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. सहकाऱ्यांशी त्या कठोरपणे वागत. रोग एकापासून दुसऱ्यास जडतो हे मत त्यांनी फार उशिरा मानले. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी या चळवळीस त्यांनी विरोध केला. ती नोंदणी ब्रिटनमध्ये त्यांच्या पश्चात १९१९ साली झाली.

१९०७ साली राजाकडून त्यांस ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळाला. तो मिळणारी ती पहिली स्त्री. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरण्याचा मान त्यांच्या इच्छेप्रमाणे नाकारण्यात आला. ईस्ट वेलो या खेड्यातील देवळाच्या आवारात त्यांची कबर असून तीवर नावाची केवळ दोन आद्याक्षरे व सन कोरलेले आहेत.

त्यांनी आरंभिलेला हिशेब पुढे इतरांनी चालविला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातील १६८ इस्पितळांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. एका परिचारिकेवर एक रोगी अधिक सोपविला की शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांस महिन्याच्या आत मृत्यू येण्याचा संभव शेकडा ७ ने वाढतो, आणि परिचारिकाही अधिक थकतात, असे तीत आढळले. २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या पाहणीतही असेच दिसले.

बाईंचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मुली व सुना आज इस्पितळांत हेच काम करीत आहेत. त्या सुटीत घरी येतील, तेव्हा त्यांच्या हाताखाली किती रोगी असतात, आणि रात्रपाळीनंतर झोप मिळते काय, हे अगत्याने विचारावे. तसेच गावात कोणी आजारी असेल, तर त्या घरी रोग्यासाठी पेज नेताना शुश्रूषा करणाऱ्या बाईसाठीही एक भाकरी न्यावी, आणि रात्रीचा एक प्रहर तिच्या जागी आपण बसावे.