स्टार विकणारा माणूस

आयपीएलचा लिलाव बघताना तुम्हीही हा वाद घातला असेल: अनुभवी स्टार ठेवायचा की नव्या पोरांवर डाव लावायचा? अमेरिकन बेसबॉलमध्ये ब्रँच रिकी (१८८१-१९६५) आयुष्यभर हाच हिशेब मांडत राहिला. जॅकी रॉबिन्सनला मेजर लीगमध्ये आणणारा तो हाच.

त्याच्या सेंट लुईस कार्डिनल्सच्या तिजोरीत आधी खडखडाट होता. तयार खेळाडू परवडेनात. मग त्याने छोट्या गावांतले संघच हाताशी धरून तिथे पोरं घडवली. १९२६ मध्ये कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज जिंकले. पोरं तयार झाली की जुना स्टार विकायचा, तोही उतरणीला लागायच्या आधी, हा रिकीचा नियम.

१९३८ मध्ये त्याने डिझी डीनला शिकागो कब्सला देऊन टाकलं. १९३४ मध्ये ३० सामने जिंकून देणारा पिचर! पण दुखापतीने त्याच्या हातातला जोर ओसरला होता. बदल्यात तीन खेळाडू आणि १,८५,००० डॉलर आले. त्या मोसमात डीनने ७ सामने जिंकले, कब्स लीगमध्ये पहिले आले. मग रिकी चुकला का? थांबा. पुढच्या वर्षी त्याच सौद्यातल्या कर्ट डेव्हिसने २२ सामने जिंकले, डीनने फक्त ६.

पण दुसरी बाजूही बघा. गावोगावच्या त्या पोरांना मनाने दुसऱ्या संघात जाता येत नव्हतं. १९३८ मध्येच बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी त्यांतल्या अनेकांना मोकळं केलं.

पुढच्या वेळी असा हिशेब मांडाल, तेव्हा तुमच्याच वयाचं कुणीतरी बाकावर वाट बघत बसलंय, हेही त्यात धरा.