डॉक्टर एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचें घराणें

कुळाचा इतिहास लिहितांना आपण सामान्यतः बापामागून मुलाचें नांव मांडीत जातों. मुलगी सासरीं गेली, कीं वंशवृक्षावरील तिची फांदी तेथेंच खुंटते. परंतु एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड सोडून अमेरिकेंत वसलेल्या एका घराण्याचा माग काढूं लागलें असतां ही रीत अपुरी पडते. अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री डॉक्टर एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचें तें घराणें होय.

त्यांचा जन्म इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं ३ फेब्रुवारी १८२१ रोजीं झाला. नऊ भावंडांत त्या तिसऱ्या. वडील सॅम्युएल ब्लॅकवेल यांचा कच्ची साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. मुलींस मुलांइतकेंच शिक्षण मिळालें पाहिजे, असा त्यांचा आग्रह असून त्यासाठीं त्यांनीं घरीं शिक्षक ठेविले होते. गुलामगिरीचे ते कट्टे विरोधक होते. पण त्यांच्या कारखान्यांत येणारी साखर गुलामांच्या श्रमानेंच पिकलेल्या उंसाची असे. ज्या अन्यायाचा तिटकारा, त्याच्यावरच संसार चालावा, हें शल्य त्यांना सतत बोंचत असे. बीटपासून साखर काढून या पेंचांतून सुटावें, अशी त्यांची उमेद होती.

ऑगस्ट १८३२ मध्यें हें कुटुंब जहाजानें निघालें व सुमारे सात आठवड्यांच्या प्रवासानंतर न्यूयॉर्कला उतरलें. तेथें धंद्यास बरकत आली नाहीं, म्हणून १८३८ सालीं सर्व मंडळी सिनसिनाटी येथें गेली; परंतु थोड्याच महिन्यांत सॅम्युएल वारले. घरांत पैसा नव्हता. आई हॅना व थोरल्या मुली यांनीं शाळा काढून कुटुंब सांवरलें. बापानें मागें ठेविलेलें खरें धन म्हणजे मुलींस दिलेली विद्याच, हें त्या वेळीं दिसून आलें.

पुढें एका मरणोन्मुख मैत्रिणीनें, डॉक्टर स्त्री असती तर आपले क्लेश हलके झाले असते, असें बोलून दाखविलें. तें एलिझाबेथबाईंच्या मनांत रुजलें. अनेक महाविद्यालयांनीं त्यांचे अर्ज नाकारले. जिनीव्हा येथील वैद्यक महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनीं निर्णय विद्यार्थ्यांवर सोंपविला, आणि त्यांनीं ती थट्टा समजून एकमतानें होकार दिला! २३ जानेवारी १८४९ रोजीं बाईंनीं पदवी मिळविली. त्याच वर्षीं पॅरिस येथें एका अर्भकाच्या डोळ्यांवर उपचार करीत असतां त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना संसर्ग झाला व एका डोळ्याची दृष्टि गेली. शस्त्रवैद्य होण्याची आशा संपली. तरी व्यवसाय त्यांनीं सोडला नाहीं.

आतां या घराण्याचा विस्तार पाहूं. धाकटी बहीण एमिली हिनें १८५४ सालीं वैद्यकाची पदवी घेतली, आणि १८५७ सालीं दोघी बहिणींनीं डॉक्टर मारी झाक्शेव्स्का यांच्या साह्यानें न्यूयॉर्क येथें गरीब स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं रुग्णालय उघडलें. भाऊ हेन्री यानें १८५५ सालीं स्त्रियांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या लूसी स्टोन यांच्याशीं विवाह केला. लूसीबाईंनीं लग्नानंतरही माहेरचेंच नांव ठेविलें. दुसरा भाऊ सॅम्युएल यानें १८५६ सालीं ॲन्टॉनेट ब्राऊन यांच्याशीं लग्न केलें. त्या १८५३ सालींच धर्मोपदेशक म्हणून दीक्षित झाल्या होत्या. पांचही बहिणी मात्र अविवाहित राहिल्या. एलिझाबेथबाईंनीं १८५४ सालीं किटी बॅरी नांवाची एक अनाथ आयरिश मुलगी घरीं आणिली. तिनें अखेरपर्यंत त्यांची सोबत केली.

अशा कुळाची वंशावळ केवळ जन्ममृत्यूच्या नोंदवहींतून कशी उलगडणार? सुदैवानें या भावंडांना एकमेकांस पत्रें लिहिण्याची व तीं जपून ठेवण्याची संवय होती. तीं पत्रें आज वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयांत व हार्वर्ड विद्यापीठाच्या श्लेसिंजर ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. कोणाचें ऋण कोणावर किती, हें त्यांवरूनच कळतें.

१८६९ सालीं एलिझाबेथबाई मायदेशीं परतल्या. १८७४ सालीं लंडन येथें स्त्रियांसाठीं जें वैद्यक विद्यालय निघालें, त्याच्या स्थापनेंत त्यांचा हात होता व पुढें त्यांनीं तेथें अध्यापनही केलें. याच विद्यालयांत मुंबईच्या रखमाबाई १८८९ सालीं दाखल झाल्या आणि डॉक्टर होऊन स्वदेशीं आल्या. ३१ मे १९१० रोजीं हेस्टिंग्ज येथें एलिझाबेथबाईंचा देहान्त झाला.

रखमाबाईंचें नांव ब्लॅकवेल कुळाच्या वंशवृक्षांत कोठेंही सांपडणार नाहीं. तथापि ब्रिस्टलच्या त्या साखर कारखानदारानें आपल्या मुलींच्या हातीं जी पाटी दिली, तिचा वारसा कोठवर पोंचला हें पाहिलें म्हणजे रक्ताच्या नात्यापलीकडेही कुळ वाढतें, याची खात्री पटते.