बाबा आमटे

मुरलीधर देवीदास आमटे ऊर्फ बाबा आमटे (२६ डिसेंबर १९१४ – ९ फेब्रुवारी २००८) हे कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी आयुष्य वेचणारे मराठी समाजसेवक होते. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे आनंदवन ही त्यांची कर्मभूमी. कुष्ठरोगावरील संशोधनासाठी त्यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करू दिला होता.

पूर्वायुष्य

बाबांचा जन्म वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका सधन कुटुंबात झाला. नागपूरला कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली केली. १९४२ च्या आंदोलनातील कैद्यांचे खटले त्यांनी चालवले. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे कष्ट समजून घेण्यासाठी त्यांनी स्वतः मैला वाहिला. १९४६ मध्ये त्यांचा विवाह इंदू घुले यांच्याशी झाला; पुढे त्या साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या.

रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना अडवल्याबद्दल महात्मा गांधींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटले होते. मात्र पावसात रस्त्याकडेला पडलेला, हातापायांची बोटे झडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसताच हेच बाबा भीतीने घरी परतले. ती भीती त्यांना सहन झाली नाही. पुन्हा जाऊन त्यांनी तुळशीरामची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली.

कलकत्त्यातील प्रयोग

डॉक्टर नसतानाही बाबांना कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेता आले. नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला होता. पण तो प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने वाढवता येत नसे, आजही येत नाही. जंतू वाढत नसल्यामुळे लस किंवा औषधाची चाचणी घेणे कठीण होते. मानवी शरीरात तो वाढवून पाहण्याच्या प्रयोगासाठी बाबा स्वतःहून पुढे आले आणि त्यांनी जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. बहुसंख्य माणसांमध्ये या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते, हे आता माहीत आहे.

वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने हा प्रसंग हान्सेन यांच्याच एका कृत्याशेजारी ठेवून पाहावा लागतो. १८७९ मध्ये त्यांनी एका स्त्री रुग्णाच्या डोळ्यात तिच्या संमतीविना कुष्ठरोग्याच्या शरीरातील द्रव्य टोचले. खटला होऊन त्यांना रुग्णालयातील पद गमवावे लागले. बाबांच्या बाबतीत संमती पूर्ण होती आणि धोकाही त्यांचाच होता. तरीही नुकतेच लग्न झालेल्या, लहान मुलांच्या पित्याने घेतलेला धोका एकट्याचाच होता असे म्हणणे कठीण आहे. पुढे १९६० मध्ये उंदरांच्या तळपायात आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या प्राण्यात जंतू वाढवता आला आणि त्यासाठी माणसाची गरज उरली नाही.

आनंदवन आणि हेमलकसा

सरकारकडून मिळालेल्या खडकाळ, जंगली जमिनीवर १९५१ मध्ये आनंदवन उभे राहू लागले. त्याआधीच्या दशकात डॅप्सोन या औषधाने रोग आटोक्यात येऊ लागला होता; परंतु बऱ्या झालेल्या माणसालाही घर आणि गाव परत घेत नसे. म्हणून बाबांनी उपचाराला श्रमाची जोड दिली. रुग्णांनीच विहिरी खोदल्या, शेती केली, इमारती बांधल्या. १९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. माडिया गोंडांसाठी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. प्रकल्पाची जबाबदारी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी घेतली, तर थोरले पुत्र डॉ. विकास आनंदवनात राहिले.

अखेरचा काळ

मणक्याच्या विकारामुळे बाबांना बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच शक्य होते. त्याच अवस्थेत त्यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये ते नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले. आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवाचे दहन न करता ते तिथल्याच मातीत पुरण्यात आले.