मल्हारराव गायकवाड : सोमल सापडला, अपराध सिद्ध झाला नाही

बडोद्याचे संस्थानिक मल्हारराव गायकवाड यांची कारकीर्द अवघी साडेचार वर्षांची. तथापि, त्यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपामुळे ती देशभर गाजली. रासायनिक तपासणीची मर्यादा कोणती, हा आजही न्यायालयांपुढे असलेला प्रश्न या खटल्यात ठळकपणे पुढे आला होता.

मल्हाररावांचा जन्म १८३१ मधला. दुसरे सयाजीराव हे त्यांचे वडील. थोरले बंधू खंडेराव महाराज यांच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून १८६३ मध्ये त्यांना पाद्रा येथे कैदेत ठेवण्यात आले. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेरावांचे निधन झाले आणि कैदेतील मल्हारराव गादीवर बसले. त्यांच्या राजवटीत उधळपट्टी वाढली, रयतेच्या तक्रारीही वाढल्या. इंग्रज रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांच्याशी त्यांचे बिनसले. दादाभाई नौरोजी यांनी दिवाण म्हणून कारभार सुधारण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यांना फार काळ टिकता आले नाही.

फेअर यांना परत बोलवावे, अशी मागणी महाराजांनी २ नोव्हेंबर १८७४ रोजी खलित्याद्वारे केली. त्यानंतर आठवड्याभरातच, ९ नोव्हेंबरला, फेअर यांना नेहमीच्या पपनसाच्या सरबतात काही मिसळल्याचा संशय आला. दोन-तीन घोट घेऊन त्यांनी उरलेले सरबत व्हरांड्याबाहेर फेकले. पेल्याच्या तळाशी गाळ तेवढा शिल्लक राहिला.

रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड आणि मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांनी तो गाळ तपासला. त्यात सोमल आढळला. चकाकणारे कण मात्र ग्रे यांना प्रथम काचेचे किंवा गारगोटीचे वाटले. पुढे त्यांपैकी काही हिऱ्याचे असावेत, असे त्यांचे मत झाले. मधल्या काळात, विषात सोमल, हिऱ्याची भुकटी आणि तांबे असल्याची खबर फेअर यांना मिळाली होती. ग्रे यांच्या तपासणीत तांबे आढळले नाही. बहुतेक सरबत फेकले गेल्याने पेल्यात एकूण किती विष होते, हे खात्रीने ठरवणेही शक्य नव्हते.

जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली. २३ फेब्रुवारीपासून सहा सदस्यांच्या आयोगापुढे चौकशी चालली. बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाईन आले. गाळात सोमल आहे हे रसायनशास्त्र सांगू शकत होते. तो कोणाच्या हुकमाने आला, हे सांगणे त्याच्या कक्षेबाहेर होते. तो दुवा नोकरांच्या आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांच्या जबान्यांवर अवलंबून होता आणि बॅलंटाईन यांनी नेमका तेथेच घाव घातला.

आयोगात फूट पडली. अध्यक्ष सर रिचर्ड काउच यांच्यासह तिन्ही इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी मानले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. अखेर एप्रिल १८७५ मध्ये सरकारने विषप्रयोगाच्या निष्कर्षावर नव्हे, तर गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठवले. गादीवर नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा मुलगा दत्तक आला. तेच तिसरे सयाजीराव. मल्हाररावांचे १८८२ मध्ये मद्रास येथेच निधन झाले.

नमुना किती आहे, तो कोणाकोणाच्या हातून गेला, तपासणाऱ्याला आधी काय सांगितले होते आणि निष्कर्षात चुकीला किती वाव आहे, हे प्रश्न आज न्यायवैद्यक प्रयोगशाळांत मूलभूत मानले जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तज्ज्ञाचे म्हणणे मत म्हणूनच ग्राह्य धरले जाते. त्याचे वजन न्यायालयाने ठरवायचे असते. मल्हारराव निर्दोष होते की नव्हते, याचा उलगडा त्या पेल्यातील गाळाने केला नाही. एका राज्याचे भवितव्य मात्र त्या चौकशीच्या ओघात बदलून गेले.